खेळवाडीच्या दारातली गाडी

मी मोटारीच्या शर्यतीचा गेम बोलतोय. मॉलमध्ये खरी सीट, खरं स्टीअरिंग आणि पायाशी दोन पेडलं असलेलं एखादं मोठं धूड तुम्ही पाहिलं असेल, तसाच मी. सध्या माझा मुक्काम श्रीवर्धनच्या पोलीस ठाण्यामागच्या आवारात, निळ्या ताडपत्रीखाली आहे. कागदोपत्री माझं नाव ‘मुद्देमाल’. जुगाराच्या गुन्ह्यात सापडलेला ऐवज. हे कसं घडलं ते कोणी मला विचारत नाही, म्हणून मीच सांगतो.

माझी पहिली आठवण नवी मुंबईतल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरची आहे, आणि निवेदिताच्या हातांची. ती तिथे आम्हा सगळ्या मशीनांची देखभाल करायची. मुलं माझ्यावर चॉकलेटचे हात पुसायची, बाप माणसं मुलांना बाजूला करून स्वतःच खेळत बसायची, आणि हरलेला प्रत्येक जण म्हणायचा की स्टीअरिंग खराब आहे. मग निवेदिता यायची, मला उघडायची आणि तपासून हसायची. माझं स्टीअरिंग सहसा ठीकच असायचं.

नऊ वर्षांनी मॉलवाल्यांनी तो मजला कपड्यांच्या दुकानाला दिला. बाकीची मशीनं भंगारात गेली. मला निवेदिताने मागून घेतलं. “ह्याला मी गावी नेते,” ती मालकाला म्हणाली, “माझ्या हातात अजून दहा वर्षं चालेल.” पावती कोणाच्या नावाने करायची असं विचारल्यावर तिने मोठ्या भावाचं नाव सांगितलं. अजेय. गावी गेम सेंटर काढायचं होतं आणि त्या धंद्याची नोंदणी दादाच्या नावाने होणार होती, म्हणून.

टेम्पोतून माणगाव, म्हसळा करत मी श्रीवर्धनला उतरलो. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर या भावंडांची सुपारीची वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी वखार. वडिलांनी ती अजेयच्या नावावर केली होती. सुपारीचा वास भिंतींत मुरलेला. मला तो आवडला.

मग सुरू झाले माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे चार महिने. त्या काळात गिऱ्हाईक म्हणून कोणी माझ्यावर खेळलं नाही, तरी सुखाचे. निवेदिता माझ्या सीटवर बसून बेत आखायची. जमिनीवर गेरूने चौकोन काढले होते; इथे नेमबाजीचा गेम, इथे बास्केटबॉल, इथे एअर हॉकीचं टेबल. खारी हवा आमच्या जातीची वैरी, म्हणून तिने माझे सगळे सर्किट बोर्ड काढून लाखेचा हात दिला. अर्थिंगसाठी स्वतः उभं राहून खड्डा खणून घेतला. महिनाभर शनिवार-रविवार ती किनाऱ्यावर जाऊन बसली आणि किती कुटुंबं येतात, मुलं किती वेळात कंटाळतात, ते टिपत राहिली.

“पावसाळ्यात दर्या खवळला की पाण्यात उतरू देत नाहीत,” ती दादाला सांगायची. “मग माणसं खोलीत बसून भांडतात. ती आपल्याकडे येतील. आणि बुधवारची दुपार फक्त गावातल्या बायकांना.”

“बायका खेळतील होय?” अजेय हसायचा. हसला तरी खुर्ची ओढून ऐकायचा. त्यानेच नाव सुचवलं होतं, ‘खेळवाडी’. माणूस वाईट नव्हता. हे सांगताना मला आजही त्रास होतो.

अडचण आली ती आनंदीबाईंकडून. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मा गाव त्यांच्या हाताखालून गेलेला, ही दोघं भावंडंसुद्धा. बाईंनी नगरपरिषदेत लेखी हरकत घेतली: व्हिडिओ गेमच्या नावाखाली जुगार येतो, आम्हाला तो नको.

निवेदिता वाद घालायला गेली नाही. एका सकाळी ती बाईंनाच वखारीत घेऊन आली.

“बसा बाई.”

“मी? अगो, मला सायकलसुद्धा येत नाही.”

“म्हणूनच बसा.”

बाई पदर खोचून बसल्या. मी जरा हळूच सुरू झालो. पहिल्याच वळणावर त्यांनी गाडी सरळ समुद्रात घातली.

“बुडाले की गो मी,” त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, “परत लाव बघू.”

तीनदा बुडाल्या. चौथ्यांदा वळण घेतलं, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी मॉलमध्ये फक्त सात-आठ वर्षांच्या मुलांच्या तोंडावर पाहिलं होतं.

उतरल्यावर मात्र त्या पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या. शाळेच्या वेळात मुलांना आत घ्यायचं नाही. पुढची भिंत काचेची हवी, रस्त्यावरून सगळं दिसलं पाहिजे. आणि पैसे लावून पैसे जिंकायचं एकही मशीन आणायचं नाही. “लिहून दे,” त्या म्हणाल्या. निवेदिताने लिहून दिलं, खाली सही केली. बाईंनी हरकत मागे घेतली, इतकंच काय, चार घरी जाऊन स्वतः सांगितलं की पोरीचं काम चांगलं आहे. परवानगी मिळाली. अर्जावर नाव अजेयचं, कारण जागा त्याची.

पुण्यातलं एक गेम सेंटर बंद होत होतं. तिथली पाच मशीनं दुरुस्त करून आणायला निवेदिता पंधरा दिवसांसाठी गेली. जाताना माझ्या स्क्रीनवरची धूळ ओढणीने पुसली.

ती गेली त्याच आठवड्यात अजेयबरोबर विनेश नावाचा माणूस आला. पनवेलकडचा, गोड बोलणारा. त्याने वखार पाहिली, वाडीकडे उघडणारं मागचं दार पाहिलं, आणि मग मला पाहिलं.

“ही गाडी दारातच ठेवा शेठ,” तो म्हणाला. “पुढे पोरं खेळताना दिसली ना, की मागे काय चाललंय ते कोण बघत नाही.”

“बहिणीला चालायचं नाही,” अजेय म्हणाला.

“मग तिला नंतर सांगा.”

अजेयने मागचं दार उघडून वाडीकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो. शेवटी तो म्हणाला, “पार्टिशन पक्कं हवं पण.”

तिसऱ्या दिवशी वखारीच्या मध्यावर प्लायची भिंत उभी राहिली. मागच्या दाराने विनेशची आठ मशीनं आली. फळांची चित्रं फिरणारी, नाणी गिळणारी आणि कधीतरी ओकणारी.

निवेदिता परतली ती भर दुपारी, टेम्पोत पाच मशीनं घेऊन. भिंत पाहून थबकली. पलीकडे जाऊन आली. आवाज चढवला नाही तिने.

“दादा, हे काय?”

“तुझी पाचही ठेवू ना. पुढे तुझी, मागे त्याची. सीझन गेला की मागची काढून टाकू.”

“मी बाईंना लिहून दिलंय.”

“लिहून तू दिलंयस,” अजेय म्हणाला. “परवानगी माझ्या नावावर आहे.”

तिने माझ्या स्टीअरिंगला हात टेकला. नऊ वर्षांत तिचा हात मला कधी एवढा जड लागला नव्हता. मग ती म्हणाली, “उद्घाटन रविवारी आहे. त्याआधी काढ.” तो “बरं” म्हणाला. तिने विश्वास ठेवला. मीही ठेवला.

रविवारी सकाळी तोरण लागलं. भिंत तिथेच होती. अजेयने माझा आवाज शेवटपर्यंत वाढवला, एवढा की माझ्या स्पीकरचे पत्रे थरथरत होते. मला वाटलं, उद्घाटनाची हौस. बाईंनी नारळ फोडला. मग मुलांनी आग्रह करून त्यांना माझ्यावर बसवलं. त्या वळणं घेत होत्या, मुलं टाळ्या पिटत होती, आणि मागच्या दाराने वाडीतून एकेक माणूस आत सरकत होता. तेव्हा मला कळलं, माझा आवाज कशासाठी वाढवलाय ते. मी ओरडत होतो म्हणून मागच्या नाण्यांची खणखण कोणाला ऐकू येत नव्हती. ज्या बाईंना मी हसवत होतो, त्यांचेच डोळे-कान मी झाकत होतो.

निवेदिता आली, गर्दीतून सरळ माझ्यापर्यंत. माझ्या मागे हात घालून तिने बटण बंद केलं.

मी गप्प झालो. मुलंही गप्प झाली. आणि त्या शांततेत प्लायच्या पलीकडून नाणी पडल्याचा आवाज आला, त्यामागोमाग पुरुषांचं हसणं.

बाई उठल्या. त्यांनी भिंतीतलं छोटं दार ढकललं, आत पाहिलं आणि परत आल्या.

“तुला ठाऊक होतं?”

“चार दिवसांपूर्वी कळलं, बाई.”

“मग चार दिवस गप्प का राहिलीस?”

“तो काढतो म्हणाला होता. भाऊ आहे माझा.”

अजेय तोरणाखाली उभा होता. “नीतू, घरचं घरात मिटवू,” तो म्हणाला. निवेदिताने त्याच्याकडे पाहिलं, मग चपला घातल्या आणि पोलीस ठाण्याकडे चालू लागली. थोड्या वेळाने बाईही तिच्यामागे गेल्या.

पंचनामा झाला. विनेशची आठही मशीनं जप्त झाली, आणि दारात उभा म्हणून मीही. हवालदाराने निवेदिताला विचारलं, “हे गाडीवालं कोणाचं?” तिला खरं तेच सांगावं लागलं: “कागदावर अजेयचं आहे.” त्याने तसं लिहून घेतलं. त्या वाक्याने मी जितका तुटलो, तितका कुठल्याच पोराच्या लाथेने तुटलो नव्हतो.

आता एक पावसाळा सरला आहे. लाखेखालून गंज चढतोय. खटल्याच्या तारखा पडतात. अजेय जामिनावर सुटला, बहिणीशी बोलत नाही. विनेशने म्हणे दुसरीकडे जागा पाहिली. भिंत निघेपर्यंत टेम्पोतच ठेवलेली पाच मशीनं उतरलीच नाहीत, तशीच विकली गेली. निवेदिता माणगावला एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करते.

ठाण्यात येणारी माणसं ताडपत्री उचलून मला बघतात आणि एकमेकांना सांगतात, “हा बघ, निवेदिताच्या जुगाराच्या अड्ड्यावरचा.” परवा बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्यानेही तसंच म्हटलं.

मला सोडवा असं मी म्हणत नाही. पुढच्या पावसाळ्यात माझा बोर्ड जाईल, मग भंगारवालाच न्यायचा. एवढंच मागणं आहे: ती वखार ज्याच्या नावावर आहे, त्याच्याच नावाने तिला ओळखा. निवेदिताचं नाव त्या वखारीच्या कुठल्याही सरकारी कागदावर नव्हतं. मग ते तुमच्या तोंडी तरी का असावं?