बारा खुर्च्यांचा वॉर्ड

आरोग्य धोरणाच्या समितीत एक नर्स हवी, असं वरून पत्र आलं आणि मेट्रनबाईंनी मला पाठवलं. माझी हुशारी बघून नव्हे हो. त्या दिवशी माझी सुट्टी होती म्हणून.

खोलीत लांबलचक टेबल, बारा गुबगुबीत खुर्च्या, त्यांत बारा साहेब. मला दाराजवळ प्लास्टिकचं स्टूल. हातात मसुदा दिला. त्यात लिहिलं होतं, यापुढे दर वॉर्डात एकच नर्स, आणि तिनं दर तासाला दर रुग्णाचा चार पानी फॉर्म भरायचा. म्हणे दर्जा उंचावेल! आमच्या वॉर्डात चाळीस खाटा. आत्ता आम्ही दोघी आहोत, तरी पायांचे तुकडे पडतात. जेवणानंतर सह्या होणार होत्या. त्या झाल्या की माझ्या जोडीदारणीची बदली आणि चाळीस जीव माझ्या एकटीच्या गळ्यात. मला धडकीच भरली.

"सिस्टर, काही सांगायचंय का? दोन मिनिटं आहेत," अध्यक्ष म्हणाले.

मी भाषण पाठ करून गेले होते. उभी राहिले आणि सगळं विसरले. बावीस वर्षं ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला एकेका खाटेची खबर द्यायची सवय. दोन मिनिटं म्हटलं की तोंडातून तेवढंच निघतं.

"खुर्ची नंबर एक," मी सुरू केलं. "वय अंदाजे पंचावन्न. सकाळपासून सात बिस्किटं. बोलणं भरपूर, निष्पन्न काही नाही. नंबर दोन, गाढ झोप. हाक मारली की 'मंजूर' म्हणतात. नंबर तीन..."

"ही काय थट्टा चाललीय?" अध्यक्ष कडाडले.

मी जीभ चावली. पण उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं?

"साहेब, तुमचाच फॉर्म आहे. या खोलीतच भरून बघू का? तुम्ही बाराच तर आहात."

फॉर्म त्यांनी स्वतः तयार केला होता. त्यांची छाती फुगली. "बघाच! पाच मिनिटांचं काम आहे."

मी नंबर एकपासून लागले. नाडी, ताप, मग प्रश्न सतरावा: 'रुग्णाची मनःस्थिती. आनंदी, समाधानी की अतिसमाधानी?' नंबर एकना यांतलं एकही पटेना, आणि चौथा पर्याय नव्हता. त्या वादात दहा मिनिटं गेली. नंबर पाचना गार वारा लागत होता, नंबर सातना उकडत होतं. दोघांनी एकदमच मला हाका मारल्या. तेवढ्यात नंबर दोन झोपेत खुर्चीवरून घसरले. मी पेन टाकून त्यांच्या बगलेत हात घालून धरलं, नीट बसवलं. "मंजूर," ते म्हणाले.

अध्यक्षांना उचकी लागली. पाण्याचा जग टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला.

"सिस्टर, पाणी!"

"साहेब, मी नंबर तीनच्या दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही नंबर बारा. दीड-दोन तासांत येतेच."

"सिस्टर!" नंबर पाच ओरडले. "सिस्टर!" नंबर सात ओरडले. नंबर दोन पुन्हा घसरायला लागले. मी एका हातानं त्यांची कॉलर धरली आणि दुसऱ्या हातानं लिहीत राहिले: 'समाधानी.'

"अहो, आणखी कुणाला तरी बोलवा!" अध्यक्ष टेबलावर हात आपटून म्हणाले. "एकटी बाई बारा जणांचं कसं करणार?"

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

"साहेब," मी म्हटलं, "हे मसुद्यात कुठल्या पानावर लिहू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॉलर धरलेल्या माझ्या हाताकडे. मसुदा ओढला, 'एकच नर्स' यावर स्वतःच काट मारली आणि वर लिहिलं, 'किमान दोन'. फॉर्मवरही फुली मारली. उचक्यांमुळे अक्षर इतकं वाकडं आलं, की मी दोनदा वाचून खात्री करून घेतली.

मग नंबर दोनना नीट टेकवलं आणि अध्यक्षांना पाणी दिलं.