‘हे’ नावाचा बुवा

रुक्मिणीने नवा फोन हातात घेतला तो असा, की बघणाऱ्याला वाटावं ट्रॉम्बेच्या अणुभट्टीची किल्लीच हिला दिलीय. नाहूरच्या त्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या म्हाताऱ्या फोन वाजला की सुनेला हाका मारायच्या. रुक्मिणी नाही.

तिचा जुना फोन मात्र शेवटचे श्वास घेत होता. चार्जिंगची पिन लुळी, स्क्रीन अर्धी काळी, आणि पोटात दत्ताराम बुवांचा गजर. बुवा म्हणजे तिचे यजमान. डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसून गाण्यात झुंजतात, त्यातले नावाजलेले. बुवा गेले, मागे राहिला तो एवढा एक गजर. पदराखाली फोन धरून तिनेच तो रेकॉर्ड केला होता.

"त्या दिवशी तुझ्या आजोबांनी असा सूर लावला," ती नातीला, श्रुतिकाला, सांगायची, "की समोरच्या पार्टीचा पखवाज फट्टदिशी फुटला! मुलुंडपर्यंत आवाज. तिथे एका ट्रकवाल्याने टायर फुटला समजून स्टेपनी काढली."

"आजी, फेकू नको ना!"

"फेकते? रेकॉर्डिंगमध्ये आहे तो आवाज. ऐकशील तेव्हा कान धरशील."

श्रुतिका ॲप बनवायला शिकत होती. पहिलंच ॲप तिने बिल्डिंगच्या महिला भजन मंडळासाठी केलं. प्रत्येकीने आपल्या फोनमधली गाणी त्यात टाकायची, मग ती हॉलच्या स्पीकरवर वाजणार. उद्या संध्याकाळी सोसायटीच्या गणपतीत पहिला वाजणार दत्ताराम बुवांचा गजर, असं रुक्मिणीने वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

श्रुतिकाने जुन्या फोनला केबल लावली आणि लॅपटॉप आजीपुढे सरकवला. "आता ही फाईल धर. कट नको करू हां, कॉपी."

"कॉपी म्हणजे?"

"इथलं इथे राहतं आणि तिथेही जातं."

"म्हणजे आपल्या जिन्यातली बातमी," रुक्मिणी म्हणाली. पुन्हा तिला समजवावं लागलं नाही.

लॅपटॉपवरून गजर नव्या फोनमध्ये उतरला, आणि जुना फोन त्याच दुपारी जो गप्प झाला तो झालाच. रुक्मिणीने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि ॲप उघडलं.

गाण्याचं नाव? गजर.

गायकाचं नाव?

बोट थांबलं. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तिने असं कोरडं कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानातसुद्धा शेजारणीकडून वदवून घ्यायची. पण अडेल ती रुक्मिणी कसली? तिने ऐटीत टाइप केलं, ‘हे’. मग सगळे मजले फिरून बाकीच्या बायकांनाही शिकवलं. "काही कठीण नाही गो. गायक विचारतो तिथे ‘हे’ टाकायचं."

संध्याकाळी हॉलमध्ये ट्रायल. रुक्मिणीने गजरावर बोट ठेवलं. स्पीकर खाकरला आणि आवाज आला तो बाळा बुवांचा! बाळा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या कमलचा नवरा, दत्ताराम बुवांचा जन्माचा प्रतिस्पर्धी. तो जिवंत होता, समोरच खुर्चीत बसला होता, आणि आता मांडीवर ताल धरून मान डोलवत होता.

"माझो घो खंय गेलो?" रुक्मिणी ओरडली.

श्रुतिकाने यादी बघितली आणि कपाळाला हात लावला. "अगं, सगळ्यांचंच गाणं ‘गजर’ आणि गायक ‘हे’! तेच नाव, तेच गाणं आलं की जुनं काढायचं, असं मी ॲपला सांगितलंय. शेवटी कमल आजीने टाकलं, तेवढंच राहिलं."

"शेवटी जो उरतो तो जिंकतो," बाळा बुवा म्हणाले.

"गप बसा ओ!" कमलनेच त्यांना दटावलं.

रुक्मिणीने नवा फोन श्रुतिकापुढे धरला. जुना फोन तर गेला. "पुसला गो तुझा आजा?"

श्रुतिकाने तिचा फोन चाळला. "नाही! तू कॉपी केलेलं ना? हा बघ, फोनमध्ये आहे. फक्त यादीतून उडालाय. मी नाव टाकते, येईल परत."

"तू टाकलंस तर तो तुझा आजोबा. माझा माणूस मी सांगणार."

"मग टाक ना!"

रुक्मिणीने पदर खोचला. "उखाण्यात घेईन. कर तशी सोय."

कमल हळूच म्हणाली, "रुक्मिणी, आता... उखाणा?"

"का? माणूस गेला. नाव कुठे गेलं?"

श्रुतिका लॅपटॉप घेऊन बसली, बायकांनी चहा टाकला. चहाचे कप रिकामे होईस्तोवर गायकाच्या नावाचा रकाना गेला होता आणि तिथे बटण आलं होतं, ‘नाव घ्या’. दाबायचं, बोलायचं. आधी उखाणा वाजणार, मग गाणं.

रुक्मिणीने फोन तोंडाशी धरला.

"जुन्या फोनची सुटली पिन, नव्या फोनला केबल,
दत्तारामांचं नाव घेते, पुसा ‘हे’चं लेबल!"

टाळ्या थांबल्या तेव्हा स्पीकरमधून बुवा उठले. तोच खर्ज, तीच चढत जाणारी लय. बाळा बुवांची मान आपोआप हलू लागली. मग त्यांनी डोळेच मिटले. रुक्मिणी स्पीकरला टेकून उभी राहिली, पाठीला त्याची थरथर लागत होती.

आणि सूर पार टिपेला पोचला तेव्हा... फट्ट!

श्रुतिका आ वासून आजीकडे बघत राहिली. "म्हणजे पखवाज खरंच..."

"धर कान."

मागून कमल पुटपुटली, "पखवाज कसला? तेव्हा तर..."

रुक्मिणी वळली आणि गोड हसली. "सांगू काय गो कमल, कशाचा आवाज? कुणाच्या खालची प्लास्टिकची खुर्ची..."

कमलने हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"पखवाजच तो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी समोरच होते. माझ्या डोळ्यांदेखत फुटला."