तीन हातांची काठी

उजूला वाटलं होतं, विमानातून उतरल्यावर बॅगा घरी टाकायच्या आणि बाबांबरोबर थेट फहाहीलच्या किनाऱ्यावर जायचं. लहानपणी सुट्टीत कुवेतला यायची तेव्हा तसंच व्हायचं. या वेळी तिला दिसलं ते वेगळंच. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना टीव्हीसमोर बसून राहणारे बाबा, आणि टोकाला फडकं बांधून एसीच्या जाळीवरची धूळ काढणारी मी.

मी बोलतेय ती कुवेतमधल्या मंगफ या वस्तीतल्या त्या फ्लॅटमधली गळाची काठी. पिवळ्या फायबरग्लासची, एकात एक सरकणाऱ्या तुकड्यांची, अगदी स्वस्तातली. माझा जन्म कोरियात झाला म्हणतात. मला आठवतं ते फहाहीलच्या बाजारातलं कासमभाईंचं दुकान. दाभोळचे कासमभाई दोर, गळ, कुलपं, रंगाचे डबे, सगळं विकायचे. तिथून जयप्रकाशरावांनी, म्हणजे उजूच्या बाबांनी, मला घेतलं. ते तेल कंपनीच्या एका कंत्राटदाराकडे लेथ यंत्र चालवणारे टर्नर होते. दर शुक्रवारी ते आणि कासमभाई खडकांवर बसून गळ टाकायचे, एकमेकांच्या माशांना नावं ठेवायचे आणि उजूच्या आईचा फ्रीझर भरायचे. ते माझे चांगले दिवस.

मग वर्कशॉपमध्ये बाबांचा डावा हात यंत्रात सापडला. हात राहिला, पण बोटं मिटायची बंद झाली. लेथवरून काढून त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. रीळ फिरवायला दोन हात लागतात. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला, आणि मी कपाटामागे गेले. वाळूचं वादळ येऊन गेलं की शामलाताई, म्हणजे उजूची आई, मला बाहेर काढायच्या. काठी कामाला आली याचंच त्यांना समाधान. मी तक्रार केली नाही. पण माशांसाठी जन्मलेल्या जिवाला जळमटं काढताना काय वाटतं, ते माणसांनी एकदा समजून घ्यावं.

यातलं काहीच उजूला कळवलेलं नव्हतं. ती जपानात मत्स्यपालन शिकत होती. परीक्षा तोंडावर, कशाला सांगायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. विमानतळावर बाबांनी एका हातानं बॅग उचलली, दुसरा खिशात. जेवणानंतर आईनं त्यांचं संत्रं सोलून दिलं. उजूनं ते पाहिलं आणि तिचं सगळं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून तिचा धोशा सुरू झाला. "बाबा, किनाऱ्यावर जाऊ या."

"ऊन आहे."

"संध्याकाळी जाऊ."

"संध्याकाळी दमट होतं."

"मग पहाटे?"

"पहाटे मी झोपतो. तुझ्या आईला विचार."

महिन्याभरानं तिला हिमाचलात जायचं होतं. तिथल्या ट्राउट माशांच्या केंद्रावर नोकरी लागली होती. जायच्या आधी तिला एकच गोष्ट हवी होती. बाबांनी एकदा तरी समुद्रावर यावं.

तिच्या बॅगेतून एक मोडलेली काठी निघाली. तिच्यासमोर मी अगदीच गावठी दिसले असणार. ती जपानी होती, केसासारखी निमुळती. तिथल्या डोंगरांतल्या ओढ्यांवर लोक टेंकारा म्हणून एका पद्धतीनं ट्राउटच्या जातीचे मासे धरतात. रीळ नाही, दोर ओवायच्या कड्या नाहीत, वजनाला शिसं नाही. काठी, तिच्याच लांबीचा दोर आणि आकड्याला बांधलेलं पीस. विमानाच्या सामानात तिची ती काठी तीन ठिकाणी मोडली होती. उजू रडली नाही. इकडेतिकडे बघत तिनं माझ्या टोकाचं फडकं सोडलं.

"आई, ही मी घेते."

"आणि एसी कोण पुसणार?"

"स्टूल घे ना."

माझं रीळ निघालं. मग मेणबत्तीच्या आचेवर डिंक मऊ करून तिनं माझ्या कड्या एकेक करून काढल्या. मला वाटलं, दागिने उतरवून आता केरात टाकणार. पण टोकाला तिनं क्रोशाच्या दोऱ्याची बारीक वेणी चिकटवली. दोर बांधायला तेवढी जागा पुरते म्हणे. बाल्कनीत रोज घाण करून जाणाऱ्या कबुतरांची पिसं गोळा केली आणि माशांना भुलवायला त्यांचे खोटे किडे बांधले. काम करताना तिचं भाषण अखंड चालू असे. या देशात सगळं जास्त आहे, घरात दोन फ्रिज, गाडी एका माणसाची आणि सीट सात, माणसाला खरं लागतं किती?

"बाबा, रीळ म्हणजे लोभ आहे."

"लोभ नव्हे गं, ब्रेक आहे तो. मासा पळाला तर दोर सोडायला लागतो."

"पळू दे. हात पोचेल तेवढंच आपलं. बाकीचं पाण्याचं."

"हे जपान्यांनी शिकवलं? मग या रस्त्यावरच्या सगळ्या मोटारी कुणी विकल्या?"

आई स्वयंपाकघरात खो खो हसली. उजू रागावली, मग तीही हसली.

मूठ करायची वेळ आली तेव्हा ती अडली. रिळाची बैठक कापल्यावर माझं बूड उघडं पडलं होतं. बाबांकडे यंत्राच्या जोडांत बसवायच्या गॅस्केटसाठी वापरतात तसा कॉर्कचा एक जाड पत्रा पडून होता. उजू त्यातून चकत्या कापू लागली. चकत्या अशा निघाल्या की एकीचं दुसरीशी जमेना. बाबा टीव्ही बघत होते. निदान डोळे तिकडे होते.

"भोक आधी पाड," ते न वळता म्हणाले. "गोल नंतर."

तिनं भोक आधी पाडलं.

"कानस तिरकी धरतेस. अगं, तो कॉर्क आहे, कांदा नव्हे."

"मग दाखवा ना!"

ते उठले. उजव्या हातानं त्यांनी चकत्यांची चळत माझ्या बुडावर दाबून धरली. उजूनं दोन्ही हातांनी कानस चालवली. दोघांचे मिळून तीन हात. थोड्या वेळानं बाबांनी डाव्या मनगटानं मला मांडीवर रेटून धरलं, आणि खिशात राहून राहून पांढरा पडलेला तो हात मी कितीतरी दिवसांनी पाहिला. उजूनं पाहिला की नाही, सांगता येत नाही. ती कानशीकडेच बघत होती, जरा जास्तच लक्षपूर्वक.

मूठ झाली. गुळगुळीत, तळहातात बसणारी. बाबांनी मला हवेत एकदा हलवलं.

"टेस्ट?" त्यांनी विचारलं.

"हिमाचलात करीन."

"असं नाही चालत. टेस्ट झाल्याशिवाय माल यार्डाबाहेर जात नाही." त्यांनी मूठ पुन्हा एकदा चाचपली. "शुक्रवारी बघू. मी फक्त बघायला येणार हं."

शुक्रवारी संध्याकाळी फहाहीलच्या खडकांवर कासमभाई आधीच बसलेले होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "ये रे जयप्रकाश," ते म्हणाले, जणू काल संध्याकाळीच भेट झाली होती. "तुझी जागा कुणी घेतली नाय. वास मारतो ना तिथं." मग मला बघून त्यांनी कपाळावर हात मारला. "माझ्या दुकानातली काठी! गो पोरी, हिचे कपडे कुठं गेले?"

खडकाशी बोय माशांचा थवा घोटाळत होता. उजूनं कबुतराचं पीस अलगद पाण्यावर उतरवलं. बोयी आल्या, पीस हुंगून निघून गेल्या. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच.

"त्यांना पाव लागतो," कासमभाई म्हणाले. "पिसानं कुणाचं पोट भरतंय?"

"चाचा, आमिष लावलं तर टेंकारा कसला?"

"बरं बाई. नमाजाला अजून वेळ आहे, चालू दे."

इतक्यात पीस एका कपारीत अडकलं. "बाबा, धरा जरा," म्हणत उजूनं मला त्यांच्या हातात दिलं आणि ती आकडा सोडवायला खाली उतरली. आकडा सुटला. तिनं वर पाहिलं. बाबांनी मला परत द्यायला हात पुढे केला नव्हता. त्यांचा अंगठा माझ्या कॉर्कवर फिरत होता. मग त्यांनी मनगट मागे घेतलं आणि सोडलं, एकच झटका, आणि दोर हवेत उलगडत थव्याच्या पलीकडे जाऊन पडला. कसली मदत नाही, कसलं रीळ नाही. मी या हाताला ओळखत होते, पण त्यानं मला असं आधी कधीच वापरलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला बाबा कासमभाईंकडे सरकून हळूच काहीतरी बोलले. कासमभाईंनी चिमूटभर पाव भिजवून आकड्याला लावला. उजूला ते स्पष्ट दिसलं. ती चपलेतली वाळू झाडायला लागली.

बोय लागली तेव्हा मी मुठीपर्यंत वाकले. इतकी वाकले की मोडते की काय असं मलाच वाटलं. बाबा मागे मागे सरकत तिला उथळ पाण्यात घेऊन आले, मला डाव्या काखेत दाबलं आणि उजव्या हातानं दोर धरला. डावा हात सगळ्यांसमोर बाहेर होता. शेजारच्या खडकावरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मासा वीतभरच असेल. बाबांचा चेहरा मात्र सुरमई धरल्यासारखा झाला होता.

"आता सोडायचा," उजू म्हणाली.

"सोडायचा?" बाबा आणि कासमभाई एकदम ओरडले.

मासा सोडला नाही. आईनं तो तळला. जेवताना ती गोष्ट तीनदा सांगून झाली आणि दर वेळी मासा थोडा वाढला. नंतर बाबांनी मला गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं आणि स्वतःच उजूच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवलं. "थंड पाण्याचे मासे आहेत," ते मला म्हणाले, "नीट वाग."

माझं आता काय चाललंय ते इथेच सांगून टाकते, कारण शेवट मला उजू निघाली त्या दिवसाच्या सकाळीनं करायचा आहे. माझ्या मुठीवरचा कॉर्क काळपट झाला आहे आणि टोकाची वेणी आईनं दोनदा बदलली आहे. ज्या माशासाठी मला घडवलं, तो ट्राउट मी कधी पाहिला नाही. बहुतेक पाहणारही नाही. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. मागणं एकच. तुमच्याही कपाटामागे एखादी काठी असेल. तिला जाळीवरून फिरवण्याआधी ती कुणाच्या हातातली होती, एवढं आठवा.

त्या सकाळी उजूनं बॅग उघडली, मला बाहेर काढलं, खिडकीपाशी उभं केलं आणि न सांगता बाहेर पडली. परत आली तेव्हा तिच्या हातात कासमभाईंच्या दुकानातली एक नवी काठी होती. माझ्याच जातीची, हिरवी, कड्या-रिळासकट. ती तिनं बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

"ती पिवळी तुमची," ती म्हणाली. "ही मला माझ्यासाठी तशीच करून हवी आहे. दिवाळीत न्यायला येईन. तोवर करून ठेवा."

"मी?" बाबा म्हणाले. "एका हातानं?"

"आई आहे की."

"मला नका ओढू यात," आई आतून म्हणाली. "आणि एसी पुसायला काय ठेवलंत मला?"

बाबांनी हिरव्या काठीचं टोपण दातांनी ओढून काढलं, तिचे तुकडे एकेक करून बाहेर सरकवले आणि बूड हातात तोलून पाहिलं.

"मूठ जरा बारीक करू," ते म्हणाले. "तुझा हात लहान आहे."