हुकूमदार

माघ सरत आला होता. माणदेशाच्या उघड्याबोडक्या माळावरून कलतं ऊन उतरत होतं. केशरकंटकी करडईवरून, शाळवाच्या फिकट पेंढ्यांवरून, कोरड्या ओढ्याच्या शुभ्र वाळूवरून. ऊन कसलं ते, समईत उरलेली शेवटची वात. भिवरवाडीच्या वेशीतून गुरं परतत होती, आणि त्यांच्या खुरांची सुवर्णधूळ घराघराच्या उंबऱ्यावर हलकेच निजत होती.

गावाच्या टोकाला फौजदाराचं घर. घरापुढे दगडी ओटा, ओट्यावर घोंगडी, घोंगडीवर हैबतराव काटकर. एके काळी पलटणीत हवालदार, समुद्रापार हबसाणच्या, हबशांच्या मुलखातल्या मेघस्पर्शी डोंगरांत लढून आलेले. पेन्शनीत निघाले, तसं सरकारनं त्यांना तालुक्याचं फौजदार केलं. त्यांचा घोडा दिसला की चोर वाट सोडत आणि बांधावरचे भाऊबंद आवाज उतरवत. आता ती नोकरी सरली होती. त्या गरुडनेत्रांवर मोतीबिंदूचं दाट धुकं उतरलं होतं. मिशा तेवढ्या शुभ्र, ताठ. हुकूम ऐकणारं कुणी उरलं नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

कुठं पाऊल वाजलं की हैबतराव सावरून बसत आणि पहाऱ्यावरच्या आवाजात पुकारत, "हुकूमदार!"

पान गळालं तरी हुकूमदार. शेळी हलली तरी हुकूमदार. वाऱ्यानं कडी वाजवली तरी हुकूमदार.

आत चुलीपाशी त्यांची बायको बयजाबाई भाकरी थापता थापता ओठ मुडपी आणि शेळीला म्हणे, "हुकूम गेला बाई. नुसतं दार राहिलं."

शेळीलाच म्हणे, कारण नवऱ्याशी ती बोलत नव्हती. भाकरी झाली, की सरकारस्वारीला सांग गं, ताट वाढलंय. थंडी पडली, की फौजदारसाहेबांना विचार, घोंगडी पुरते का, का सरकार नवी धाडणार आहे. ठकी नावाची ती शेळी हे निरोप ऐकत म्हातारी होऊन मेली. तिची लेक दावणीला आली. निरोप तेच, निरोप्या तेवढा बदलला.

हे काही रुसणं नव्हतं. हे विहिरीवर ओढलेलं झाकण होतं, आणि त्या विहिरीच्या काळ्याशार तळाशी संताजी होता. तिचा एकुलता एक.

दुष्काळाचं साल ते. आभाळ तांब्याचं, धरणी हाडाची. आया निवडुंगाची बोंडं सोलून लेकरांच्या तोंडात घालत होत्या, आणि त्याच साली सरकारी धान्याच्या गाड्या भरून घाटाखाली निघाल्या होत्या. संताजीनं त्या अडवल्या. पोती फोडली, भुकेल्या पदरांत ज्वारी ओतली. कुणाच्या अंगावर ओरखडा नाही आणि स्वतःच्या घरात दाणा नाही. दिवेलागणीला तो उपाशीच परतला, तर ओट्यावर बाप उभा.

"हुकूमदार!"

"दोस्त," पोरगं म्हणालं.

लहानपणीचा खेळच होता तो त्या घरातला. बापानं पुकारायचं, बाळानं बोबडं 'दोत्त' म्हणायचं, की बापानं उचलून उंच धरायचं, थेट आढ्यापर्यंत. त्या सांजेला बापानं उचललं नाही. पुढे होऊन मुसक्या आवळल्या, आपल्याच हातांनी. तव्यावरची भाकरी तव्यावरच जळली.

हैबतराव खाल्ल्या मिठाला जागले, लोक म्हणाले. मीठ जखमेलाही लागतं, हे कुणी म्हणालं नाही.

बयजाबाईला मुसक्यांपेक्षा तो शब्द सलत राहिला. पोटच्या पोराच्या तोंडावरसुद्धा आधी हुद्दा फेकायचा? मी हुकूमदार, मी हुकमाचा धनी? वर्षं लोटली, शिक्षा संपली. संताजी सुटून कोल्हापूरकडे दगडाच्या खाणीवर राबतो असं कळलं, आणि पाठोपाठ त्याचा निरोप आला. आई, ज्या दारात तो पुकारा होतो, त्या दारात मी पाय ठेवायचा नाही. तिनं तो निरोप पदराच्या गाठीसारखा आवळून धरला. पुकारू नका, एवढंच नवऱ्याला सांगायचं होतं. तेवढंही तिला सांगवेना. मान मोडली असती तिची, पण वाकली नसती.

त्या माघसंध्येला पुन्हा पाऊल वाजलं, पुन्हा पुकारा झाला. या वेळी अंगणातून हसरं उत्तर आलं, "दोस्त!" पलटणीतले भिकाजी जाधव होते, कोल्हापूरच्या वाटेवर असलेले. दोघं म्हातारे गळ्यात पडले. बयजाबाईनं गूळपाणी ठेवलं आणि जिभेला धार लावली. भावजी, तुमच्या दोस्ताला म्हणावं, आता कुणावर हुकमत गाजवता? गाव हसतंय.

भिकाजींनी तांब्या खाली ठेवला.

"वहिनी, हुकमत कुठली त्यात? गोऱ्या साहेबाचा सवाल तो, हू कम्स देअर. आम्हा शिपायांच्या जिभेवर घासून घासून त्याचा हुकूमदार झाला. कोण येतंय, एवढंच त्यात हाय. गोळी घालायच्या आधी इचारायचं, आपलंच माणूस असलं तर 'दोस्त' म्हणून वाचावं, म्हणून."

बयजाबाई उभ्या जागी खांबासारखी झाली.

कोण येतंय. पान गळालं तरी, कोण येतंय? शेळी हलली तरी, कोण येतंय? इतक्या सांजा, इतके ऋतू, तो धुक्याच्या डोळ्यांचा माणूस दारात बसून एकच सवाल पुसत होता, आणि ती आत बसून त्याला गर्व म्हणत होती.

सकाळी भिकाजी निघाले, तेव्हा तिनं त्यांना वेशीपाशी गाठलं. खाणीवरच्या संतूला सांगा, म्हणाली, तुझा बाप हुकूम सोडत नाही रे. वाट बघतोय.

मग फाल्गुन आला. माळावर पळस पेटले. निष्पर्ण, अग्निपुष्पी, उभे जळणारे पळस. अशाच एका रक्तसंध्येला कुंपणाशी पाऊल थबकलं.

"हुकूमदार!"

उत्तर आलं नाही. कुंपणाशी जो उभा होता, त्याच्या जिभेला शब्द ठाऊक होता; पण मनगटांना दोर आठवत होता.

"हुकूमदार?" हैबतरावांचा आवाज चिरला. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो सवालासारखा वाजला.

बयजाबाई पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. शेळीकडे तिनं पाहिलंही नाही.

"अवं," ती नवऱ्याला म्हणाली, "दोस्त हाय. आपलाच दोस्त हाय. पहारा उतरवा आता."

म्हातारा ओट्यावरून उतरला. हवा चाचपत, सांज चाचपत पुढे गेला. हाताला मनगट लागलं. मनगटावर बेडीचा वण होता. त्यावरून बोटं फिरली, पुन्हा फिरली, न दिसणारी गाठ सोडवत असल्यासारखी. मग त्यानं वाकून लेकाच्या कमरेला मिठी घातली आणि त्याला उचलू पाहिलं. उचलवेना. तेव्हा लेकानंच बापाला अलगद उचललं, लेकरासारखं, आणि उंबऱ्याच्या आत नेलं.

तव्यावर भाकरी फुगली होती, जळली नव्हती. बाहेर पळस विझत होते, एकेक करून चांदण्या लागत होत्या, आणि सुवर्णधूळ उंबऱ्यावर निजत होती.

हुकूम गेला होता. दार राहिलं होतं. उघडं.