दोरीखालची तीन पोती

"दोरी सोयाबीनवरनं बांधू नगंस," असं आत्ती मला तीनदा म्हणाल्या होत्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, शालूबाई. मी तीनदा ऐकून सोडून दिलं. राजवीर सात महिन्यांचा. त्याचे लंगोट कडक उन्हातच वाळले पाहिजेत हे मी वाचलेलं, आणि दिवसभर ऊन फक्त आमच्या स्लॅबवर. तिथंच आत्तींचं सोयाबीन पसरलेलं. दोन थेंबांनी काय होतंय, असं मी बी.एस्सी. झालेल्या तोंडानं म्हणाले. लंगोट रोजचे वीस, आणि माझ्या मनगटात पिळायचा जोर बेताचाच, हे काही लक्षात घेतलं नाही.

काल हमीभाव केंद्राचा मेसेज आला. माल आज किंवा उद्या घातला तरच सरकारी भाव, नाहीतर बाहेरचा व्यापारी म्हणेल तो. सातबारा आत्तींचा, अंगठा आत्तींचा, म्हणून त्या पुढं. मेसेज वाचायला मी, आणि घरी बघायला कुणी नाही म्हणून काखेत राजवीर. शेजारच्या कृष्णातमामांच्या टेम्पोत बारा पोती टाकून सकाळीच गेलो.

मार्केट यार्डातल्या केंद्रावरच्या माणसानं एका पोत्यातले मूठभर दाणे यंत्रात टाकले. "हवा चौदा. बाराच्या वर घेता येत न्हाय, मावशी."

हवा म्हणजे ओलावा. आत्तींनी एक दाणा दाढेखाली धरला. कट्ट! "ऐकलंस? वाळलंय का न्हाय?"

"दाढंवर खरेदी होत न्हाय, मावशी. यंत्रावर होती."

"तुझ्या यंत्राला दात हायत काय?"

रांगेत हशा पिकला. यंत्रवाल्यानं बाराही पोती तपासली. नऊ साडेअकराच्या आत, तीन चौदा. आत्तींनी त्या तीन पोत्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मग राजवीरकडं. आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ह्ये आमच्या नातवाचं पाणी हाय!"

त्या माणसानं पोत्यातला हात झटकन बाहेर काढला आणि हुंगला.

"धुतलेल्या लंगोटांचं हो! उकळून धुतलेल्या!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी कॉलेजात कधी उत्तर दिलं नव्हतं.

"नऊ घेतो," तो म्हणाला, "पण अंगठा एकदाच. उरलेली तीन मग बाहेर घाला."

फाटकाजवळचा व्यापारी लगेच पुढं आला. "मला घाला की, पावणं."

"तू आधी काट्याखालचा पाय काढ," आत्ती म्हणाल्या. "बाराच्या बारा इथंच घालणार. उद्या सांजपातूर वाळतंय."

त्यांनी कुणाची तरी निळी ताडपत्री मागून आणली आणि तिन्ही पोती ओतली. मी म्हणाले, "आत्ती, मी थांबते. माझ्यामुळंच झालंय."

"तू थांबलीस की पोरगं थांबलं. पोरगं थांबलं की लंगोट आलं. व्हय की न्हाय? जा तू."

राजवीरनं तोवर नाकात घालायला एक दाणा उचललाच होता, म्हणून मी निघाले.

घरी येऊन लंगोटांची पिशवी रिकामी केली, तर तळाशी आत्तींच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं आणि दुपारच्या भाकरीची शिदोरी. फोन लावला तर बंद. केंद्राचा मेसेज यायच्या वेळी बॅटरी पाहिजे म्हणून त्या फोन बंद करून ठेवतात. आमचे हे कबनूरला यंत्रमागावर कामाला, त्या खडखडाटात फोन ऐकू जात नाही. कृष्णातमामा आम्हाला सोडून भाडं घेऊन आजऱ्याला गेले. आता तीन वाजलेत, ऊन आहे, आणि सोयाबीन दर घटकेला पायानं ओढल्याशिवाय त्या राहायच्या नाहीत.

म्हणून गावाच्या ग्रुपवर हे लिहितेय: तुमच्यापैकी कुणी यार्डाकडं जाणार असेल तर जरा आत डोकवा. निळ्या ताडपत्रीवर यंत्रवाल्याशी भांडणाऱ्या बाई दिसल्या की त्याच. हवा किती आली ते विचारू नका, चिडतील. सावलीत बसवा, काहीतरी खायला लावा, गोळी राहिलीय म्हणून सांगा, आणि बऱ्या आहेत का तेवढं बघून मला कळवा.