ठिपका न देणारी लेखणी

मी एक लेखणी बोलतेय. माझ्यात शाई नाही. काळ्या काचेच्या पाटीवर मला टेकवलं, की समोरच्या पडद्यावर रेघ उमटते.

सुलाफानं मला सुदानमधल्या ओमदुरमान शहरात विकत घेतलं. तेव्हा ती तिथल्या एका दैनिकाची पानं मांडायची. मथळा केवढा, फोटो कुठे, कुठली जागा मोकळी सोडायची, हे सगळं तिच्या हातात. विचार करताना माझं मागचं टोक चावायची तिला सवय. त्या दातांच्या खुणा अजून माझ्या अंगावर आहेत.

मग शहरात लढाई पेटली. दैनिक बंद पडलं. कपड्यांच्या घडीत मला गुंडाळून ती कैरोला आली आणि एका वृत्तवाहिनीत नकाशे काढू लागली. नकाशे कुणाचे, तर तिच्याच शहराचे. कुठला मोहल्ला आज कुणाच्या ताब्यात, ते माझ्या टोकानं रंगवायचं. स्वतःची गल्ली रंगवताना तिची पकड इतकी घट्ट व्हायची, की मला वाटायचं, आता मी मोडणार.

एका दुपारी, पाचच्या बातम्यांना वीस मिनिटं असताना, वृत्तसंपादक बहगतसाहेब तिच्या मागे येऊन उभे राहिले. बातमी चांगली होती. तिच्या मोहल्ल्यात काही तरुण रोज चारशे माणसांना मसूर शिजवून घालत होते.

"ठिपका कुठाय?" त्यांनी विचारलं.

"अख्खा मोहल्ला रंगवलाय, साहेब. नेमकी जागा नाही दाखवणार."

"का?"

"बातम्या फक्त भुकेलेच बघतात का? धान्याच्या पोत्यांवर डोळा असलेलेही बघतात."

साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुझं कुणी आहे तिथं?"

तिचा धाकटा भाऊ मुंतसिर तिथंच पातेलं ढवळायचा.

"आहे. नसतं तरी नसता दिला."

"गेल्या महिन्यात त्या दवाखान्यावर दिलास की."

तो ठिपका मीच उमटवला होता. आठ दिवसांनी तिथली औषधं लुटली गेली. नकाशामुळे की आणखी कशामुळे, कुणालाच ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून ती नीट जेवली नव्हती.

"दिला होता," ती म्हणाली. "म्हणूनच आज देत नाही."

"ऊठ तिथून. नाहिद, तू बस."

शेजारच्या टेबलावरची नाहिद वीस वर्षं हेच काम करत होती. तिनं मला उचललं. नऊ मिनिटं उरली होती. मी पाटीवर एका बोटाच्या अंतरावर अधांतरी होते. एक टेकणं, की संपलं.

नाहिदनं मला हळूच खाली ठेवलं. "साहेब, मला त्यातली एकही गल्ली माहीत नाही. ठिपका चुकून दुसऱ्याच्या घरावर पडला, तर तुम्ही जाऊन पुसणार का?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, एक शिवी हासडली आणि निघून गेले. नकाशा ठिपक्याविना गेला.

दुसऱ्या दिवशी सुलाफाला नकाशांवरून काढलं आणि हवामानाला बसवलं. मुंतसिरचा फोन लागायला सोळा दिवस गेले.

"कुणी आलं होतं का रे तिकडे?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, ताई. मसूर संपला म्हणून परवापासून चूल बंद आहे. तू रडतेस कशाला? मिळेल मसूर."

आता मी ऊन, वारा, धूळ काढते. माझं टोक झिजलंय, एक बटण चालत नाही. तिला नवी लेखणी मिळालीये, तरी ओमदुरमानचं तापमान ती माझ्याकडूनच लिहून घेते.

पडद्यावर कधी नकाशा पाहाल, तर एवढं करा. मोकळ्या सोडलेल्या जागेला आमची चूक समजू नका.