नऊ वर्षे अडलेली खिडकी

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. बाभळीची चौकट, दोन फळ्यांची दारे आणि मध्ये पाच लोखंडी गज, एवढा माझा संसार. जुन्या वस्तू मायाळू असतात असे तुम्ही ऐकले असेल. मी तशी नाही. माझ्या मनात एका माणसाबद्दल राग आहे. तो माणूस जाऊन किती वर्षे झाली, तरी राग गेलेला नाही. तो का, तेच आज सांगते.

माझा जन्म एकोणीसशे अडतीस सालचा. तेव्हा आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यावर निजामाचे राज्य होते. उमरग्याच्या वाटेवर आमचा कसबा आहे. तिथे शिवप्पा नावाचा किराणा दुकानदार राहत असे. त्याची बायको जगदेवी. घर धाब्याचे, म्हणजे वर मातीचे सपाट छप्पर. स्वयंपाकघर अगदी मागच्या बाजूला, अंधारे. छपराला वीतभर सवणे, म्हणजे धूर जायचे भोक होते, पण त्यातून धूर जाण्यापेक्षा पाऊसच जास्त यायचा. जगदेवी पंचविशीतली होती. सकाळी भाकरी करून बाहेर आली, की तिचे डोळे गुंजेसारखे लाल असत. शेवटी तिने नवऱ्याला सांगितले, "एक खिडकी बसवा. दुसरं काय मागत न्हाय मी."

शिवप्पाने ईरण्णा सुताराला बोलावले. ईरण्णाने बांधावरची वाळलेली बाभूळ निवडली आणि आठ दिवस खपून मला घडवले. काम संपल्यावर माझ्यावर थाप मारून तो म्हणाला, "हिला भुंगा लागणार न्हाय, वाळवी लागणार न्हाय. माणूस आडवा आला तरच हिचं वाटोळं हुईल."

माणूस आडवा आलाच.

कसा ते ऐका. स्वयंपाकघराला बाहेरची अशी एकच भिंत होती आणि तिच्या पलीकडे शेजारच्या गुंडाप्पाचे अंगण होते. आमच्या कसब्यात तेव्हा नियम होता, की दुसऱ्याच्या जागेकडे खिडकी काढायची, भिंत वाढवायची किंवा माडी चढवायची, तर आधी कचेरीत दरखास्त, म्हणजे अर्ज द्यायचा. दरखास्तीवर शेजाऱ्याची रजामंदी, म्हणजे त्याच्या संमतीचा अंगठा हवा. मग इजाजत मिळणार. नियम वाईट नव्हता. पण गुंडाप्पाच्या मनात अढी होती. त्याने आपल्या थोरल्या मुलासाठी शिवप्पाच्या बहिणीला मागणी घातली होती आणि शिवप्पाने नकार दिला होता. तो नकार त्याने गाठीला बांधून ठेवला होता.

कचेरीतले पेशकारसाहेब पाहणीला आले. त्यांनी विचारले, "हरकत आहे का?"

"हाय साहेब," गुंडाप्पा म्हणाला. "माझ्या अंगणात बायामाणसं वावरतात. ह्यांच्या खिडकीतनं नजर पडंल."

जगदेवी दाराआडून बोलली, "तुमची बायको जाऊन चार वरसं झाली, अप्पा. अंगणात एक बैल अन् दोन कोंबड्या. त्यातल्या कुणाची अब्रू जाती?"

पेशकार हसले. जगदेवीने पुढे विनवले, "डोक्याच्या वर बसवते. जाळी लावते. नुसता धूर जाऊ द्या." गुंडाप्पाने मान हलवली नाही. पेशकारांनी कागद बंद केला. "पड़ोसी की रजामंदी लाओ, इजाजत ले जाओ."

शिवप्पा त्यानंतर कितीदा तरी कचेरीत गेला. दर वेळी एकच उत्तर मिळे, "कल आओ." तो मवाळ माणूस होता. भांडण त्याला जमायचे नाही. हळूहळू त्याने जाणेच सोडले आणि मला उचलून बैलाच्या गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवले.

मित्रांनो, खिडकी घडवायची आणि भिंतीत बसवायची नाही, ही काय शिक्षा असते ते तुम्हाला कसे कळणार? माझ्या गजांवर कोंबड्या बसल्या. दारांच्या फटीत कडबा अडकला. मी उघडावे तर कुणासाठी? समोर शेणाने सारवलेली भिंत. त्या भिंतीपलीकडून मला दोनच आवाज यायचे. एक, जगदेवीच्या खोकल्याचा. दुसरा, अंगणात बाजेवर पडून पान चघळणाऱ्या गुंडाप्पाच्या गाण्याचा. तो गाऊ लागला की माझे गज शिवशिवायचे.

जगदेवी मात्र मला विसरली नाही. दर अमावास्येला ती करडीच्या तेलाचा बोळा घेऊन यायची आणि मला पुसायची. आधी ती नजरेने धूळ शोधायची. मग वाकून, अगदी जवळून पाहायची. पुढे पुढे ती बोटांनी चाचपू लागली. वैदूचे अंजन झाले, झाडपाल्याचा रस झाला. डोळ्यांवर साय धरत गेली ती गेलीच. चव्वेचाळीस साली तापाने शिवप्पा गेला आणि घर तिच्या नावावर झाले. त्या अमावास्येला ती मला तेल लावताना पहिल्यांदा रडली आणि मग दात खाऊन म्हणाली, "थांब. त्या गुंडाप्पाचं बी काम एक दिस माझ्या अंगठ्यापाशी येऊन अडंल."

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात ते अडले. गुंडाप्पाच्या धाकट्या मुलाचे लग्न झाले होते आणि त्याने माडी चढवायला काढली. मोठा रुबाब! इजाजतीची वाट न पाहता त्याने जुने धाबे उतरवले, गवंडी लावले आणि सामाईक भिंत कमरेइतकी वर नेली. तेवढ्यात पेशकार आले आणि काम थांबले. भिंत सामाईक, म्हणजे शेजाऱ्याची रजामंदी हवी. शेजारी म्हणजे जगदेवी.

गुंडाप्पाने आधी मुलाला पाठवले. जगदेवीचे माहेर कानडी मुलखातले. ती उंबऱ्यात बसल्या बसल्या म्हणाली, "नाळे बा." म्हणजे उद्या ये. मग मठाचे स्वामी आले. तिने त्यांना नमस्कार केला, ताक दिले आणि म्हणाली, "उद्या या, स्वामी." मग गल्लीतले चार जण आले. त्यांनाही उद्याच. मी गोठ्यात ऐकत होते. खोटे कशाला बोलू, मला साखर खाल्ल्यासारखे वाटत होते.

मृग लागला. छप्पर नसलेल्या घरात पाणी शिरले, पांढऱ्या मातीची नवी भिंत विरघळून अंगणात वाहिली. घरातली माणसे गोणपाटाखाली आली. गुंडाप्पाने आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून अंगणात एक खोपट घातले आणि नवी सून शिवम्मा त्यात स्वयंपाक करू लागली. ओल्या गोवऱ्या, बंद खोपट. भिंतीपलीकडून एक नवा खोकला ऐकू येऊ लागला.

जगदेवीचे हात भाकरी थापता थापता थांबायचे. मला तो खोकला आवडत होता. तिला नाही.

खोपट घातल्यापासून अठराव्या दिवशी शिवम्माच दारात आली. सतरा-अठरा वर्षांची पोर, पण जिभेची धारदार. "अक्का, मामंजी म्हणाले तुमच्या पाया पड. म्या पडणार न्हाय. पाप त्यांचं, पाया मी का पडू?"

जगदेवी कितीतरी दिवसांनी हसली. तिने पोरीला जवळ बसवले. "डोळे चुरचुरतात का गं?"

"लई. सकाळी तर उघडतच न्हाईत."

जगदेवीने तिच्या पापण्यांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "मामंजीला सांग, रजामंदी देते. पण त्यांनी स्वतः यायचं. माझी खिडकी गोठ्यातनं काढायची, डोक्यावर घ्यायची अन् भर पेठेतनं कचेरीत न्यायची. आधी माझी इजाजत, मग त्यांची."

दोन दिवस गुंडाप्पा आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस कोसळला आणि तो आला. त्याने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला उचलले. मित्रांनो, मी जड आहे. त्या दिवशी मला आणखी जड व्हायचे होते. बाजाराचा दिवस होता. पुढे मला घेऊन गुंडाप्पा आणि मागे माझ्या चौकटीचा कोपरा धरून जगदेवी, कारण तिला वाट दिसत नव्हती. लोक दुकानातून उठून बाहेर आले. कुणी विचारले, "काय अप्पा, खिडकी कुठं निघाली?"

जगदेवी मोठ्याने म्हणाली, "इजाजत मागायला. नऊ वरसं झाली, आता चालत निघालीय."

कचेरीत पेशकारांनी जुन्या बस्त्यातून, म्हणजे कागदांच्या गाठोड्यातून शिवप्पाची दरखास्त काढली. जगदेवी म्हणाली, "साहेब, त्यात हरकत काय लिवलीय ती वाचा. मोठ्यानं वाचा."

पेशकारांनी उर्दू मजकूर मराठी करून वाचला, "अंगणातील स्त्रियांवर नजर पडेल."

"आता त्याखाली लिवा," जगदेवी म्हणाली. "बाईला आता दिसत न्हाय. नजर पडायचं भ्या सरलं."

पेशकारांचा टाक तसाच राहिला. गुंडाप्पाने मान खाली घालून अंगठा उठवला आणि तो पुसायचेही त्याला सुचले नाही. मग जगदेवीने माडीच्या कागदावर आपला अंगठा दिला, पण त्याआधी त्यात एक ओळ घालून घेतली. शिवम्माच्या चुलीवर खिडकी असलीच पाहिजे, आणि ती जगदेवीच्या अंगणाकडे उघडली तरी चालेल.

चार दिवसांनी ईरण्णाने भिंत फोडून मला बसवले. तोही आता म्हातारा झाला होता. पहिल्यांदा माझी दारे उघडली तेव्हा स्वयंपाकघरातला धूर असा बाहेर पडला, जणू तोही नऊ वर्षे कोंडला होता. जगदेवी माझ्यासमोर तोंड करून उभी राहिली. वारा तिच्या चेहऱ्यावर लागला. तिने विचारले, "काय दिसतं गं?" शिवम्मा म्हणाली, "मामंजी दिसतात. बाजेवर बसलेत." जगदेवी म्हणाली, "बरं." आणि चुलीत आणखी दोन ओल्या गोवऱ्या सारल्या.

रोज सकाळी तिचा तोच नेम झाला. वारा अंगणाकडे असला की गोवऱ्या ओल्या. मीही माझी दोन्ही दारे सताड उघडी ठेवत असे. महिन्याभराने गुंडाप्पा खोकत खोकत दाराशी आला. "वैनी, ती खिडकी सकाळची जरा लावून घेता का? धूर लई येतो."

"दरखास्त द्या, अप्पा," जगदेवी म्हणाली.

ती दरखास्त त्याने कधी दिली नाही. पुढच्या वर्षी निजामाचे राज्य गेले, पेशकार गेले, कागद मराठीत लिहिले जाऊ लागले. काही वर्षांनी गुंडाप्पाही गेला. सगळी गल्ली त्याच्या दारी गेली. जगदेवी माझ्यापाशी गज धरून उभी राहिली. तिने त्याला माफ केले नव्हते. मीही केले नाही. सूड घेऊन आम्हाला बरे वाटले, हे खरे आहे. पण त्या दिवशी शिवम्मा धावत आली आणि पाहते तो काय, जगदेवी आपल्या डोळ्यांवरून पुन्हा पुन्हा पदर फिरवत होती, जसे काही पुसले की दिसेल.

मित्रांनो, माझ्या बिजागऱ्यांना तेल घाला किंवा घालू नका, मी बाभळीची आहे, निभावून नेईन. पण शेजारणीने कधी उजेड मागितला, तर त्याच दिवशी हो म्हणा. लाकूड नऊ वर्षे थांबते. डोळे थांबत नाहीत.